उंदीर विसरला, असे म्हणण्याआधी : जनुक बदललेल्या उंदरांवर स्मृतीचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

गोव्यातल्या महाविद्यालयातून प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान किंवा फार्मसी शिकून संशोधनाकडे वळलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी जे प्रश्न पडतात ते सगळे मलाही पडले होते, आणि त्यांची उत्तरे एका ठिकाणी कधीच सापडली नाहीत. शोधनिबंधात 'उंदरांना पाच दिवस प्रशिक्षण दिले' असे एकच वाक्य असते. त्या पाच दिवसांच्या आधी गेलेले दीड-दोन वर्ष त्यात नसते. हा लेख त्या न लिहिलेल्या दीड-दोन वर्षांविषयी आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच मनात ठेवा, कारण पुढची प्रत्येक पायरी तिच्याशी जोडलेली आहे. स्मृती आपल्याला थेट दिसत नाही. दिसते ते एवढेच की उंदीर पोहतो, थिजून उभा राहतो किंवा एखादी वस्तू हुंगतो. ज्याला नीट दिसत नाही, ज्याचे पाय अशक्त आहेत, ज्याला वेदना कमी जाणवते किंवा जो मुळातच घाबरट आहे, असा उंदीरही चाचणीत 'विसराळू' ठरू शकतो. म्हणून 'उंदीर विसरला' हा निष्कर्ष बाकीच्या सगळ्या शक्यता एकेक करून बाजूला सारल्यावर उरणारा असावा.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा

'अमुक जनुकाचा स्मृतीशी काय संबंध आहे' हा प्रश्न कामाचा नाही. जनुक मेंदूच्या कोणत्या भागात आणि स्मृतीच्या कोणत्या टप्प्यात लागते, म्हणजे शिकताना, शिकलेले पक्के होताना की आठवताना, हे तुमच्या वाक्यात आले पाहिजे. हे वाक्यच पुढे उंदराचा प्रकार, चाचणी आणि खर्च ठरवते.

या क्षेत्राचा थोडा इतिहास पाहिला की हा आग्रह का, ते कळते. मेंदूतील पेशींमधले जोड वारंवार उत्तेजित केल्यास बराच काळ बळकट राहतात, हे ब्लिस आणि लोमो यांनी १९७३ मध्ये सशांवर दाखवले. ही बळकटी हाच शिकण्याचा पाया आहे का, हे तपासायचे तर ती घडवून आणणारा रेणूच काढून पाहणे हा सरळ मार्ग होता. तो १९९२ मध्ये अल्सिनो सिल्वा, सुसुमु टोनेगावा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतला. अल्फा कॅम-कायनेज-२ या विकराचे जनुक निकामी केलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पस या स्मृतीशी निगडित भागात ही बळकटी बहुतांशी होत नव्हती, आणि पाण्यातील लपलेला प्लॅटफॉर्म शोधायलाही ते कमी शिकत होते. काम मोठे होते, पण शंकेला जागा राहिली: जनुक गर्भापासून आणि संपूर्ण शरीरातून गेले होते, मग दोष शिकण्यात होता की मेंदूच्या घडणीत? एनएमडीए ग्राही, म्हणजे पेशींच्या जोडावर संदेश टिपणारे प्रथिन, याच्या मुख्य घटकाच्या बाबतीत तर ही अडचण टोकाला गेली, कारण तो पूर्ण काढलेली पिल्ले जन्मल्यावर लवकरच मरत. १९९६ मध्ये टोनेगावांच्याच प्रयोगशाळेने तो घटक हिप्पोकॅम्पसच्या सीए-१ या भागातूनच काढला. ते उंदीर जगले, वाढले, आणि त्यांना जागा लक्षात ठेवणे मात्र जमेना. 'कुठे' हा शब्द प्रश्नात आल्याने उत्तर किती नेमके झाले, ते पाहा.

२. उंदराचा प्रकार निवडा

ढोबळमानाने चार पर्याय असतात. संपूर्ण शरीरातून जनुक काढलेला नॉकआउट. बाहेरचे जनुक जास्तीचे घातलेला ट्रान्सजेनिक. डीएनए कापणारे क्रे विकर आणि ते कुठे कापेल हे ठरवणाऱ्या लॉक्स-पी खुणा वापरून ठरावीक पेशींतूनच जनुक काढलेला कंडिशनल. आणि टॅमॉक्सिफेन किंवा डॉक्सिसायक्लिन देऊन ठरावीक वेळी बदल घडवता येणारा. पहिला स्वस्त आणि सोपा आहे. शेवटचा सर्वांत नेमका, पण त्यात औषधाचे स्वतःचे परिणाम तपासण्यासाठी आणखी गट लागतात.

नवशिक्यांना मी कंडिशनल प्रकार सुचवते, मात्र एका अटीवर: तुमच्या क्रे वाणात क्रे कोणत्या वयात आणि कोठे काम करू लागते, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. अग्रमेंदूत काम करणारे काही क्रे वाण जन्मानंतर तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होतात आणि वय वाढेल तशी त्यांची व्याप्ती पसरते. दोन महिन्यांच्या उंदरात जे फक्त सीए-१ मध्ये आहे ते सहा महिन्यांच्या उंदरात तसेच असेल, असे नाही. काही वाणांत क्रे प्रजनन पेशींतही जागे होते आणि पुढच्या पिढीत तुमच्या नकळत साधा नॉकआउट तयार होतो. दर काही पिढ्यांनी शेपटीच्या नमुन्याच्या डीएनए चाचणीत 'काढलेल्या' जनुकाची पट्टी दिसते का, हे पाहत राहा. शेपटीत ती दिसली तर गडबड आहे.

३. वाणाचे पूर्ण नाव वाचा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. बाटलीवरचे लेबल वाचावे तसे उंदराच्या वाणाचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचे असते. 'ब्लॅक सिक्स' म्हणजे सी५७बीएल/६ एवढे पुरत नाही. त्यामागे 'जे' (J) आहे की 'एन' (N), हे महत्त्वाचे. एन उपवाणात डोळ्याच्या पडद्यावर परिणाम करणारे एक उत्परिवर्तन असते. 'जे' उपवाणात ते नाही, पण पेशींच्या ऊर्जेशी संबंधित एका जनुकाचा तुकडा गायब आहे. दोन्ही उपवाणांची श्रवणशक्ती वयानुसार कमी होते, म्हणून म्हाताऱ्या उंदरांवर आवाजाची चाचणी घेताना सावध राहावे. एफव्हीबी हे वाण ट्रान्सजेनिक बनवण्यासाठी फार लोकप्रिय आहे, पण त्याच्या डोळ्याचा पडदा लहानपणीच झडतो. भिंतीवरच्या खुणा पाहून पोहण्याची चाचणी अशा उंदराला देणे म्हणजे आंधळ्याला नकाशा देणे होय.

दुसरा सापळा अधिक सूक्ष्म आहे. जुने नॉकआउट १२९ या वाणाच्या मूलपेशींत बनवले जात आणि मग ब्लॅक सिक्सशी संकर केला जाई. १२९ च्या काही उपवाणांत मेंदूच्या दोन अर्धांना जोडणारा तंतूंचा पूलच अपुरा असतो. दहा पिढ्या परतसंकर, म्हणजे दर पिढीत पुन्हा ब्लॅक सिक्सशीच संकर, केल्यावर सुमारे ९९.९ टक्के जनुकसंच ब्लॅक सिक्सचा होतो, पण निकामी केलेल्या जनुकाच्या शेजारचा १२९ चा तुकडा त्याला चिकटून राहतोच. फरक तुमच्या जनुकाचा की शेजाऱ्याचा, हा प्रश्न गेर्लाई यांनी १९९६ मध्येच उपस्थित केला होता. उंदीर देणाऱ्या प्रयोगशाळेला विचारायचे तीन प्रश्न असे: मूलपेशी कोणत्या वाणाच्या, परतसंकर किती पिढ्या झाला, आणि कोणत्या उपवाणाशी. उत्तर लेखी घ्या.

४. परवानग्या आणि कागदपत्रे

भारतात प्राण्यांवरील प्रयोग १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली आणि १९९८ च्या नियमांखाली येतात. देखरेख करणारी समिती सीसीएसईए. जुने लोक तिला अजून सीपीसीएसईए म्हणतात. उंदरांसारख्या लहान प्राण्यांचे प्रस्ताव संस्थेची प्राणी नीतिमत्ता समिती तपासते, आणि तिच्यावर सीसीएसईएने नेमलेले बाहेरचे सदस्य असतात. जनुक बदललेला जीव असल्याने १९८९ च्या नियमांनुसार संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडेही जावे लागते. दोन्ही अर्ज एकाच आठवड्यात द्या. एक संपल्यावर दुसरा, असे केल्याने माझे पाच महिने गेले. चूक माझीच होती.

हे कागद एका फाइलमध्ये तयार ठेवा:

- प्राणीगृहाच्या सीसीएसईए नोंदणीची प्रत आणि तिची मुदत
- नीतिमत्ता समितीसाठी फॉर्म बी, त्यासोबत उंदरांच्या संख्येचे सांख्यिकीय समर्थन
- जैवसुरक्षा समितीसाठी वाणाचे वर्णन: कोणते जनुक, कोणता बदल, पळून गेल्यास काय
- उंदीर देणाऱ्या संस्थेशी केलेला हस्तांतरण करार
- उंदीर ज्या खोलीतून येणार तिथला आरोग्य अहवाल
- तुमचे प्राणी हाताळणीचे प्रशिक्षण प्रमाणपत्र
- प्रयोग कधी थांबवायचा आणि प्राण्याला वेदनारहित मृत्यू कसा द्यायचा, याची लेखी पद्धत

समिती सर्वांत जास्त प्रश्न संख्येवर विचारते, आणि ते योग्यच आहे. 'प्रत्येक गटात दहा, कारण सगळे दहाच घेतात' हे उत्तर चालत नाही. आणखी एक: पैदाशीत जन्मणारी, पण प्रयोगाला न लागणारी पिल्लेही संख्येत धरा. ती का, ते सातव्या पायरीत कळेल.

५. उंदीर गोव्यात आणणे

परदेशातून जिवंत उंदीर मागवणे शक्य आहे, पण आयात परवाना, संमतीपत्रे आणि विलगीकरण यांत बराच काळ जातो. आधी देशातच चौकशी करा. बंगळुरूच्या एनसीबीएस या संशोधन संस्थेत उंदरांच्या जनुकात बदल करण्याची सुविधा आहे, आणि हैदराबादच्या सीसीएमबी किंवा खारघरच्या ॲक्ट्रेकसारख्या संस्थांचीही मोठी प्राणीगृहे आहेत. हवे ते वाण तिथल्या एखाद्या प्रयोगशाळेत आधीच असण्याची शक्यता तुम्हाला वाटते त्यापेक्षा जास्त असते. जिवंत उंदराऐवजी गोठवलेले शुक्राणू किंवा भ्रूण आणून इथे पुनर्जीवित करणे हाही मार्ग आहे, मात्र ते कौशल्य असलेली संस्था हाताशी हवी.

बंगळुरूहून रस्त्याने आणायचे तर घाटाचा विचार करावा लागतो. अनमोड असो वा चोर्ला, पावसाळ्यात दरड कोसळून गाडी अडकू शकते. वातानुकूलित गाडी, रात्रीचा प्रवास, पाण्याऐवजी ओलावा देणारे जेल, आणि खोक्यात नेहमीचाच भुसा. आल्यावर किमान दोन आठवडे उंदरांना वेगळ्या खोलीत ठेवा आणि चाचणीला तर आणखी काही दिवस हातच लावू नका.

६. खोली : इथे गोव्याची हवा आडवी येते

पुस्तकांत लिहिलेले असते की आर्द्रता ३० ते ७० टक्के ठेवा. पुस्तक लिहिणारे जुलैत फोंड्याला राहिलेले नसतात. पावसाळ्यात बाहेरची आर्द्रता सर्रास ८० च्या वर जाते, आणि नुसता एसी लावून खोली थंड होते पण कोरडी होतेच असे नाही. वेगळे डीह्युमिडिफायर लागते, आणि त्याची टाकी शनिवार-रविवारी कोण रिकामी करणार, हे आधी ठरवावे लागते. दमट भुशात अमोनिया साचतो, उंदरांच्या नाकाला इजा होते, आणि हुंगण्यावर आधारलेली प्रत्येक चाचणी संशयास्पद होते. म्हणून जून ते सप्टेंबर पिंजरे नेहमीपेक्षा लवकर बदला.

खाद्याची पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर अंतरावर ठेवा आणि एका वेळी महिन्याभरापुरतीच मागवा. बुरशी डोळ्यांना दिसण्याआधी वासाला कळते. मुंग्यांसाठी घरोघरी दुधाच्या कपाटाच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवत, तोच उपाय रॅकच्या पायांना करा. फक्त पाण्यात साबण घाला, नाहीतर डास होतात. कीटकनाशकाचा फवारा मात्र प्राणीगृहात कधीही नको. त्यातली बरीच रसायने मज्जासंस्थेवरच काम करतात, आणि आपण अभ्यास करतो आहोत तोही मज्जासंस्थेचाच. चिचुंद्री आणि घरचे उंदीर आत शिरू नयेत म्हणून गटाराच्या तोंडांना जाळी हवी, कारण त्यांच्यासोबत रोग येतात.

आता वीज. जनरेटर असला तरी पाहा की दिव्यांचा टायमर कोणता आहे. जुना फिरत्या चकतीचा टायमर वीज गेली की थांबतो आणि आली की जिथे थांबला तिथून पुढे चालतो. दोन दिवसांत चार वेळा मिळून तीन तास वीज गेली तर उंदरांचा दिवस तुमच्या घड्याळापेक्षा तीन तासांनी मागे पडलेला असतो आणि तुम्हाला त्याचा पत्ताही नसतो. शिकणे दिवसाच्या वेळेवर अवलंबून असल्यामुळे हा फरक निकालात उतरतो. बॅटरी असलेला डिजिटल टायमर फार महाग नसतो. बारा तास उजेड आणि बारा तास अंधार, हे दररोज सकाळी तपासून वहीत लिहा.

आवाजाबाबतही इथले वेळापत्रक वेगळे आहे. उंदरांना सुमारे १ ते ९० किलोहर्ट्झ ऐकू येते, म्हणजे आपल्याला अजिबात न ऐकू येणारा दिव्याच्या चोकचा किंवा मॉनिटरचा आवाज त्यांच्यासाठी गोंगाट असू शकतो. त्याखेरीज दाबोळीच्या आसपास काम करत असाल तर नौदलाच्या लढाऊ विमानांचा हादरा भिंतींतून येतो. उड्डाणांच्या वेळा काही आठवडे टिपून ठेवा आणि भीतीच्या चाचण्या त्या टाळून घ्या. दिवाळीच्या आदल्या रात्री नरकासुरांचा जो गजर पहाटेपर्यंत चालतो, त्या आठवड्यात कोणतीही चाचणी लावू नका. चवथीला प्राणीगृहातले मदतनीस गावी जातात, आणि जायलाच हवे. ते पाच दिवस पाणी आणि खाद्य कोण बघणार याची यादी ऑगस्टच्या आरंभीच करा, आणि त्यात स्वतःचे नाव पहिले घाला.

७. पैदास आणि ओळख पटवणे

इथे मेंडेलचे गणित प्रत्यक्ष उपयोगी पडते. दोन संकरित, म्हणजे जनुकाची एकच प्रत निकामी असलेल्या, उंदरांच्या संकरातून चौथा हिस्सा पिल्ले नॉकआउट निघतात. तुम्हाला फक्त नर हवे असतील तर आठातले एक. बारा नॉकआउट नर हवेत, तर साधारण ९६ पिल्ले हवीत. एका वेतात सहा जगली असे धरले तर १६ वेते. तीन आठवड्यांचा गर्भकाळ, २१ व्या दिवशी आईपासून तोडणे, आणि चाचणीचे वय दहा-बारा आठवडे. म्हणजे जोडी लावल्यापासून किमान १३ ते १५ आठवडे, तेही सगळ्या माद्या एकदम गाभण राहिल्या तर. त्या राहत नाहीत. नर आणि मादी दोन्ही वापरल्यास लागणारी पिल्ले निम्म्यावर येतात, आणि शास्त्रीय दृष्ट्याही तेच बरे.

तुलनेसाठी एकाच वेतातील सामान्य भावंडे घ्या, विकत आणलेले ब्लॅक सिक्स नव्हेत. आईची काळजी, वेताचा आकार, पिंजऱ्याची जागा हे सारे भावंडांमध्ये समान असते. कंडिशनल वाणात एक हमखास चूक होते. दोन्ही प्रती खुणांच्या असलेली मादी आणि एकच प्रत खुणेची अधिक क्रे असलेला नर, असा संकर केला की हवी ती पिल्ले एक चतुर्थांश मिळतात, आणि तशाच दोन्ही प्रती खुणांच्या, पण क्रे नसलेली भावंडेही तेवढीच. मात्र त्यात खुणांशिवाय फक्त क्रे असलेले पिल्लू एकही निघू शकत नाही, कारण आईकडून खूण येतेच. क्रेचा स्वतःचा परिणाम वगळायचा तर तो गट वेगळ्या संकरातून काढावा लागतो. हे लेखाच्या परीक्षणाच्या वेळी कळले तर वर्ष जाते.

ओळखीसाठी कानाला पाडलेल्या खाचेचा तुकडा पीसीआरला, म्हणजे डीएनएच्या ठरावीक तुकड्याच्या प्रती वाढवणाऱ्या चाचणीला, वापरा. त्यातून खूण आणि नमुना दोन्ही मिळतात. डीएनएच्या पट्ट्या जिथे दिसतात त्या प्रत्येक जेलवर तीन नमुने ठेवा: माहीत असलेला सामान्य, माहीत असलेला संकरित, आणि डीएनए न घातलेले नुसते पाणी. पाण्यात पट्टी आली तर त्या दिवसाचे सगळे निकाल रद्द. प्रयोग संपल्यावर त्याच उंदरांचे नमुने पुन्हा घेऊन ओळख दुसऱ्यांदा पटवा.

आमच्याकडे खाचांच्या तक्त्यामुळे घोटाळा झाला होता. तक्त्यात उंदीर समोरून काढलेला होता, मी उंदीर पाठीमागून धरून वाचत होते, आणि माझा सहकारी तक्त्याप्रमाणे समोरून. माझा डावा कान त्याचा उजवा. सव्वाशे पिल्लांच्या नोंदी पुन्हा तपासाव्या लागल्या. तेव्हापासून तक्त्यावर 'उंदराचा स्वतःचा डावा' असे मोठ्या अक्षरांत लिहिलेले आहे.

८. स्मृतीखेरीज बाकी सगळे आधी तपासा

चाचणीच्या आठवडाभर आधीपासून उंदरांना दररोज हातात घेऊन सवय लावा. शेपटीला धरून उचलू नका. शेपटीने उचललेले उंदीर अधिक भित्रे होतात, हे हर्स्ट आणि वेस्ट यांनी २०१० मध्ये दाखवले; ओंजळीत किंवा नळीत घेऊन उचलावे. मग क्रमाने वजन, मोकळ्या चौकोनातील हालचाल, फिरत्या दांड्यावर तोल सांभाळणे, दृष्टी, आणि पायाला बसणाऱ्या सौम्य धक्क्याची जाणीव तपासा.

शेवटची बाब का महत्त्वाची, याचे एक चांगले उदाहरण आहे. १९९९ मध्ये एनएमडीए ग्राहीचा एनआर-२बी हा घटक अग्रमेंदूत जास्त तयार करणारे उंदीर बनवले गेले, आणि ते अनेक चाचण्यांत सामान्य उंदरांहून सरस ठरले. वर्तमानपत्रांनी त्यांना 'हुशार उंदीर' म्हटले. दोन वर्षांनी त्याच वाणात दाहजन्य वेदनेला वाढलेला प्रतिसाद आढळला. यामुळे आधीचे निष्कर्ष खोटे ठरत नाहीत, पण एकाच जनुकाचा हात शिकण्यात आणि वेदनेत दोन्हीकडे असू शकतो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. धक्क्याला जास्त दचकणारा उंदीर दुसऱ्या दिवशी जास्त थिजला, तर त्याची स्मृती चांगली की त्याला धक्का जास्त लागला?

९. चाचण्या : कमी त्रासाच्या आधी

क्रम असा ठेवा: नव्या वस्तूची ओळख, मग पाण्यातील चक्रव्यूह, आणि सर्वांत शेवटी भीतीची चाचणी. धक्का खाल्लेला उंदीर पुढच्या कोणत्याही चाचणीत पूर्वीसारखा वागत नाही.

नव्या वस्तूच्या चाचणीत उंदराला दोन सारख्या वस्तू दाखवतात, तासाभराने किंवा दुसऱ्या दिवशी त्यातली एक बदलतात, आणि तो नव्या वस्तूजवळ जास्त वेळ घालवतो का ते मोजतात. वस्तू धुता येणाऱ्या घ्या. कोणती वस्तू उंदरांना मुळातच जास्त आवडते हे वेगळ्या उंदरांवर आधी पाहा, आणि जुनी-नवी वस्तू गटांमध्ये आलटून-पालटून ठेवा.

पाण्याचा चक्रव्यूह रिचर्ड मॉरिस यांनी १९८१ मध्ये मांडला. उंदरांसाठी साधारण १२० सेंटीमीटर व्यासाचे गोल टाके, पाण्याखाली सेंटीमीटरभर बुडालेला प्लॅटफॉर्म, भिंतींवर मोठ्या खुणा. दिवसाला चार फेऱ्या, प्रत्येकी एक मिनिटापर्यंत. असे पाच ते दहा दिवस. शेवटी प्लॅटफॉर्म काढून घेतात आणि उंदीर तो जिथे होता त्या चतुर्थांशात किती वेळ शोधतो ते पाहतात. नुसत्या योगायोगाने २५ टक्के येईल. निष्कर्ष या शेवटच्या फेरीवरून काढा. प्लॅटफॉर्म गाठायला लागलेला वेळ फसवा असतो, कारण टाक्यात ठरावीक अंतरावर गोल गोल पोहणारा उंदीरही काही न आठवता लवकर पोहोचतो. पोहण्याचा वेग आणि दिसणाऱ्या प्लॅटफॉर्मची फेरी दोन्ही गटांत सारखी नसेल, तर स्मृतीविषयी काहीही लिहू नका.

पाण्याचे तापमान २० ते २४ अंशांमध्ये हवे. एप्रिल-मेमध्ये आपल्या गच्चीवरच्या टाकीतले पाणी त्याहून खूप गरम येते. कोमट पाण्यात उंदराला बाहेर पडायची घाई नसते, तो नुसता तरंगत राहतो. टाके आदल्या संध्याकाळी भरा आणि रात्रभर एसी चालू ठेवा, किंवा बर्फाच्या पिशव्या सोडा. पाणी पांढरे करायला दुधाची भुकटी वापरू नका. आमच्या हवेत ते दुसऱ्याच दिवशी नासते. विषारी नसलेला पांढरा जलरंग बरा. प्रत्येक फेरीनंतर उंदराला टॉवेलने पुसून उबदार पिंजऱ्यात ठेवा.

खोलीतली कोणतीही वस्तू हलवू नका, हे मी सर्वांना सांगते, आणि हे मला कसे कळले तेही सांगते. एका जुलैत प्रशिक्षणाचे सहाही दिवस मी माझा पिवळा रेनकोट खोलीतल्या खुंटीला टांगत होते. शेवटच्या फेरीच्या दिवशी नेमके ऊन पडले आणि रेनकोट घरी राहिला. दोन्ही गट सारखेच भांबावले. माझ्या उंदरांनी भिंतीवरचे त्रिकोण सोडून रेनकोटच पाठ केला होता, असा माझा कयास आहे.

भीतीच्या चाचणीत उंदराला एका पेटीत आवाज ऐकवून शेवटी पायाला दोन सेकंदांचा सौम्य धक्का देतात, सहसा ०.४ ते ०.७ मिलिअँपिअरचा. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीत, आणि नंतर वेगळ्या दिसणाऱ्या, वेगळ्या वासाच्या पेटीत आवाज लावून, तो किती वेळ थिजतो ते मोजतात. पेटीची आठवण हिप्पोकॅम्पसवर आणि अमिग्डला या भीतीशी निगडित भागावर अवलंबून असते, आवाजाची मुख्यतः अमिग्डलावर. म्हणून पेटी विसरलेला पण आवाज आठवणारा उंदीर सर्वांत बोलका. दोन्ही पेट्या एकाच द्रवाने पुसल्या तर मात्र वासावरून दुसरी पेटीही त्याला पहिलीच वाटते.

१०. कोण मोजतो आणि काय मोजतो

चाचणी घेणाऱ्याला आणि व्हिडिओ मोजणाऱ्याला उंदराचा प्रकार माहीत नसावा. ओळखपत्रे दुसऱ्या कोणाकडे ठेवा आणि उंदरांना सांकेतिक क्रमांक द्या. एका वेतातली पाच पिल्ले ही पाच स्वतंत्र मोजमापे नव्हेत. विश्लेषणात वेत हा घटक धरा, नाहीतर फरक उगीच ठळक दिसतो. कोणता उंदीर वगळायचा, उदाहरणार्थ सलग तीन फेऱ्या तरंगत राहणारा, याचा नियम पहिल्या फेरीआधी लिहून त्यावर तारीख घाला.

आणि आपला निकाल दुसऱ्या प्रयोगशाळेशी जुळला नाही तर लगेच घाबरू नका. क्रॅब, वॉल्स्टन आणि डुडेक यांनी १९९९ मध्ये तीन शहरांतल्या प्रयोगशाळांत तीच वाणे, तीच उपकरणे, तीच वेळ ठेवून चाचण्या घेतल्या, तरी काही निकाल प्रयोगशाळेनुसार बदलले. तुमच्या लेखात पाण्याचे तापमान, खोलीची आर्द्रता, उपवाण, हाताळण्याची पद्धत आणि चाचणीची वेळ लिहा. वाचणाऱ्याला फरक कुठून आला ते शोधता येईल.

११. वाण गमावू नका

एका रात्री एसी बंद पडल्याने किंवा एका संसर्गाने दोन वर्षांची पैदास संपू शकते. पहिला चांगला निकाल हाती येताच शुक्राणू गोठवायची व्यवस्था करा, आणि एक साठा स्वतःच्या संस्थेत तर दुसरा दुसऱ्या शहरातल्या संस्थेत ठेवा. हस्तांतरण करारात तशी परवानगी आहे का, ते आधी पाहा. पैदाशीच्या जोड्या दोन वेगळ्या खोल्यांत विभागा. प्रत्येक पिंजऱ्याच्या कार्डाची प्रत संगणकावर आणि कागदावर दोन्हीकडे ठेवा, कारण आमच्याकडे पावसाळ्यात कागदही ओला होतो आणि संगणकही बंद पडतो.